उंबऱ्याबाहेरचा टीव्ही

९ नोव्हेंबर २०२२ या दिवशी अनेक घरांत टीव्हीशेजारी ठेवलेली एक छोटी पेटी कामातून गेली. पेटीत बिघाड झाला नव्हता. घरात वीज होती, इंटरनेट होते, केबलचे पैसे वेळेवर भरलेले होते आणि टीव्हीवर चित्रही नीट दिसत होते. पेटी बनवणाऱ्या कंपनीने त्या दिवशी आपले सर्व्हर बंद केले, एवढेच घडले होते. पेटीचे नाव स्लिंगबॉक्स. घरच्या टीव्हीवर जे दिसते ते इंटरनेटवरून घरमालक असेल तिथे पोचवायचे, मग तो माडीवरच्या खोलीत असो की सातासमुद्रापलीकडे, हे तिचे काम. सतरा वर्षे तिने ते केले. या काळात अमेरिकेतल्या एकाही न्यायालयाने स्लिंगबॉक्स वापरणे बेकायदा ठरवले नाही, आणि तरी ती गेली. तंत्रज्ञान जुने झाले, हे त्याचे नेहमीचे उत्तर. ते मला अपुरे वाटते. घरचा टीव्ही घराबाहेर पाहण्याचा हक्क कायद्याने प्रेक्षकाला कधी स्पष्टपणे दिलाच नाही, असे माझे म्हणणे आहे. हक्क यंत्राच्या भरवशावर राहिला, यंत्र कंपनीच्या मर्जीवर राहिले, आणि मर्जी फिरली तेव्हा प्रेक्षकाला दाद मागायला जागाच उरली नाही.

या पेटीचा जन्म अगदी घरगुती अडचणीतून झाला. ब्लेक आणि जेसन क्रिकोरियन हे कॅलिफोर्नियातले दोघे भाऊ, सॅन फ्रान्सिस्को जायंट्स या बेसबॉल संघाचे कट्टर चाहते. २००२ साली हा संघ वर्ल्ड सीरिजपर्यंत पोचला. त्याच हंगामात या भावांचा कामानिमित्त सारखा प्रवास चालू होता. सामने घरच्या केबलवर दिसत, परगावच्या हॉटेलात दिसत नसत. ज्या वाहिनीचे पैसे आपण दरमहा भरतो ती घरी रिकाम्या खुर्चीसमोर चालू शकते आणि आपण मात्र ती पाहू शकत नाही, ही गोष्ट त्यांना पटेना. त्यांनी स्लिंग मीडिया ही कंपनी काढली आणि २००५ च्या उन्हाळ्यात सुमारे २५० डॉलरला पहिली पेटी बाजारात आणली. सोनी कंपनीचे 'लोकेशन फ्री' नावाचे असेच उपकरण जपानमध्ये त्याआधी आले होते, पण ही कल्पना सर्वसामान्य गिऱ्हाइकाच्या बोलण्यात आणली ती स्लिंगबॉक्सने. स्लिंग म्हणजे गोफण. शेतातल्या माळ्यावर उभे राहून राखणदार गोफणीने दगड जसा दूर भिरकावतो, तसे घरातले चित्र दूर भिरकावणारी ही पेटी. नाव चपखल होते.

ती कसे काम करी हे थोडे तपशिलात सांगितले पाहिजे, कारण पुढचा सगळा वाद त्या तपशिलावरच उभा आहे. सेट-टॉप बॉक्समधून टीव्हीकडे जाणारे चित्र आणि आवाज ही पेटी मध्येच घेई, ते दाबून लहान करी आणि घरच्या ब्रॉडबँडवरून बाहेर पाठवी. तिच्यातून निघालेल्या तारेच्या टोकाला एक इवलासा अवरक्त दिवा असे. तो सेट-टॉप बॉक्सच्या तोंडाशी चिकटवायचा. परगावी लॅपटॉपच्या पडद्यावर घरच्या रिमोटचे चित्र उमटे. त्यावरचे बटण दाबले की हुकूम इंटरनेटवरून घरी जाई, दिवा लुकलुके, आणि सेट-टॉप बॉक्सच्या दृष्टीने समोर बसलेल्या माणसानेच रिमोट दाबलेला असे. घरी त्याच सेट-टॉप बॉक्सवर कोणी काही पाहत असेल तर त्याचीही वाहिनी बदले. पेटीतून एका वेळी एकच माणूस पाहू शके. चित्राचा दर्जा घरातून बाहेर जाणाऱ्या इंटरनेटच्या वेगावर अवलंबून असे, आणि तो वेग घरात येणाऱ्या वेगाच्या मानाने त्या काळी फारच तोकडा होता. थोडक्यात, या पेटीने नवी वाहिनी निर्माण केली नाही, नवा ग्राहक निर्माण केला नाही, कार्यक्रमाची कायमची प्रत केली नाही. रिमोट आणि पडदा यांच्यामधले अंतर तिने ताणले, इतकेच. जे आपल्या घरात चालले आहे ते आपल्याच माणसाला दाखवणारे हे यंत्र होते, आणि कायद्यापुढचा प्रश्न नेमका हा होता की 'घर' कुठे संपते.

हा प्रश्न इंटरनेटपेक्षा बराच जुना आहे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत टीव्ही पसरू लागला तेव्हा पेनसिल्व्हेनिया, ओरेगॉन यांसारख्या राज्यांतल्या डोंगराळ गावांना शहरातले प्रक्षेपण मिळेना. लहरी डोंगराला अडत. मग कोणी तरी डोंगरमाथ्यावर उंच अँटेना उभारायचा आणि तिथून तारा ओढून खालच्या घरांना चित्र द्यायचे, त्याबद्दल महिन्याचे पैसे घ्यायचे, असा धंदा सुरू झाला. केबल टीव्हीचे मूळ हे. आपल्याकडे मुंबई दूरदर्शनचे कार्यक्रम पुण्याला दिसावेत म्हणून सिंहगडावर प्रक्षेपक बसवला, त्यामागची भौगोलिक अडचण तीच. फरक असा, की सिंहगडावरचा प्रक्षेपक सरकारचाच होता आणि अमेरिकेतल्या डोंगरावरचा अँटेना तिऱ्हाइताचा. साहजिकच चित्रपटांचे मालक न्यायालयात गेले. वेस्ट व्हर्जिनियातल्या क्लार्क्सबर्ग आणि फेअरमाँट या गावांच्या केबलवरून उभा राहिलेला फोर्टनाइटली खटला १९६८ साली सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. न्यायालयाने एक रेघ ओढली: प्रक्षेपण करणारा तो सादरकर्ता, पाहणारा तो प्रेक्षक; डोंगरावरचा अँटेना प्रेक्षकाची पाहण्याची ताकद वाढवतो, म्हणून तो प्रेक्षकाच्या बाजूचा. १९७६ साली अमेरिकेच्या संसदेने नवा कॉपीराइट कायदा करून ही रेघ पुसली. केबलवाला सादरकर्त्यांच्या बाजूला गेला. पण त्याच कायद्याने, ठरावीक शुल्क भरून प्रक्षेपण पुढे नेण्याचा परवानाही त्याला दिला. ही दुसरी गोष्ट पहिलीइतकीच महत्त्वाची आहे. धंदा करणाऱ्याचे कर्तव्य आणि हक्क दोन्ही लेखी झाले. घरात बसून पाहणाऱ्याचे मात्र काहीच लेखी झाले नाही.

ती उणीव एका बाबतीत न्यायालयाने भरून काढली. सोनीने १९७५ साली बीटामॅक्स हे व्हिडिओ रेकॉर्डर अमेरिकेत आणले आणि पुढच्याच वर्षी युनिव्हर्सल आणि डिस्ने यांनी सोनीवर दावा लावला. घरी बसून कार्यक्रम टेप करणे ही चोरी, असा त्यांचा आरोप. खालच्या न्यायालयात सोनी जिंकली, मधल्या न्यायालयात हरली. सर्वोच्च न्यायालयाने एकदा युक्तिवाद ऐकून पुन्हा ऐकण्याचे ठरवले आणि १७ जानेवारी १९८४ रोजी पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने सोनीच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांच्या निकालपत्राचा गाभा असा: रात्रीचा कार्यक्रम सकाळी पाहता यावा म्हणून घरच्यापुरता टेप करणे हा न्याय्य वापर आहे. याला 'टाइम-शिफ्टिंग' म्हणतात, म्हणजे पाहण्याची वेळ सरकवणे. चार न्यायमूर्तींचा याला विरोध होता. एक मत फिरले असते तर व्हीसीआरचा पुढचा इतिहास वेगळा झाला असता. पण मत फिरले नाही, आणि तेव्हापासून वेळ सरकवण्याचा हक्क अमेरिकी प्रेक्षकाच्या खाती जमा झाला. स्लिंग मीडियाने आपल्या यंत्राचे वर्णन करताना मुद्दाम त्याच साच्यातला शब्द घडवला, 'प्लेसशिफ्टिंग', पाहण्याची जागा सरकवणे. या शब्दात एक युक्तिवाद दडलेला आहे: वेळ सरकवलेली चालते, तर जागा का नाही?

प्रसारकांचे यावरचे उत्तर उथळ नव्हते, म्हणून ते नीट मांडायला हवे. टीव्हीचा, विशेषतः खेळांचा धंदा प्रदेशवार विकलेल्या हक्कांवर चालतो. एखादी प्रादेशिक वाहिनी एका संघाच्या सामन्यांसाठी मोठी रक्कम मोजते ती आपल्या टापूत ते सामने फक्त आपल्याकडेच दिसतील या भरवशावर. त्या रकमेतून संघ चालतात, कॅमेरे लागतात, समालोचकांचे पगार होतात. माणसे पेट्या घेऊन टापू ओलांडू लागली तर प्रत्येक टापूची किंमत घसरेल आणि अखेर कार्यक्रमच गरीब होतील. अमेरिकेतल्या बेसबॉल संघटनेचा आणि काही पैसे घेऊन चालणाऱ्या वाहिन्यांचा स्लिंगबॉक्सला विरोध होता तो याच कारणाने. आक्षेप तर्काला धरून आहे, पण त्यात मोजमापाची चूक आहे. प्रवासाला निघालेला माणूस विमानात बसल्याने एकाचे दोन प्रेक्षक होत नाहीत. त्याने घरच्या टापूचे पैसे भरलेले असतात आणि तो पाहतो ते घरच्या टापूचेच चित्र, घरच्या जाहिरातींसकट. सॅन फ्रान्सिस्कोतल्या मोटार विक्रेत्याची जाहिरात शिकागोच्या हॉटेलात दिसली तर विक्रेत्याचे नुकसान नाही. चार दिवसांनी परतणारे त्याचे गिऱ्हाईक त्याच्या हातून सुटलेले नसते. शिवाय जो सामना शिकागोत दिसतच नाही तो पाहणाऱ्याने शिकागोतल्या कोणाचे उत्पन्न बुडवले, हे दाखवणे कठीण आहे. हक्क प्रदेशवार विकले जातात ही प्रसारकांची आपसातली व्यवस्था आहे. त्या व्यवस्थेचे ओझे, पैसे भरून मोकळ्या झालेल्या ग्राहकाच्या पाठीवर टाकण्याचे कारण मला दिसत नाही.

खरी अडचण पेटी घराबाहेर गेली तेव्हा आली. परदेशी राहणाऱ्या जपानी लोकांसाठी टोकियोत 'मानेकी टीव्ही' नावाची सेवा होती. ग्राहकाने सोनीचे लोकेशन फ्री उपकरण स्वतः विकत घ्यायचे आणि या सेवेकडे ठेवायला द्यायचे. सेवेने त्याला अँटेना आणि इंटरनेट जोडून द्यायचे. मग ग्राहकाने लंडनमध्ये किंवा लॉस एंजलिसमध्ये बसून जपानी टीव्ही पाहायचा. उपकरण ग्राहकाच्या मालकीचे, पाहणारा एकटा तोच. मधल्या न्यायालयाने हे मान्य केले होते. जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०११ रोजी तो निकाल फिरवला: उपकरणात अँटेनाचा संकेत सोडून ते चालते ठेवणारी सेवा हीच प्रक्षेपण करणारी, आणि कोणीही करार करून ग्राहक होऊ शकतो, म्हणून पाहणारे हे 'जनता'. दोन दिवसांनी 'रोकुराकू' या तशाच दुसऱ्या सेवेबद्दलचा निकालही त्याच दिशेने गेला. तीन वर्षांनी अमेरिकेत हेच नाटक मोठ्या रंगमंचावर झाले. एरिओ या कंपनीने न्यूयॉर्कमध्ये नाण्याएवढे हजारो अँटेना एका इमारतीत मांडले, प्रत्येक ग्राहकाला पाहताना एक स्वतंत्र अँटेना, आणि महिना आठ डॉलरपासून पुढे शुल्क. अँटेना भाड्याने आहे, पाहणारा एकटा आहे, म्हणून हे खासगी पाहणे, असा तिचा दावा. सर्वोच्च न्यायालयाने २५ जून २०१४ रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी तो फेटाळला. न्यायमूर्ती ब्रायर यांनी एरिओची तुलना १९७६ च्या कायद्याने कक्षेत घेतलेल्या जुन्या केबलवाल्यांशी केली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एरिओने दिवाळखोरीचा अर्ज केला.

या दोन निकालांचा आधार घेऊन अनेकजण म्हणतात, की जागा सरकवण्याचा प्रश्न इथे प्रेक्षकाविरुद्ध निकाली निघाला. हे वाचन मला मान्य नाही. एरिओच्या ग्राहकाने अँटेना घेतला नव्हता, केबलचे पैसे भरले नव्हते, त्याच्या घराचा या व्यवहारात काही भागच नव्हता. मानेकी टीव्हीचा पेच अधिक अवघड, कारण तिथे उपकरण ग्राहकाचेच होते. तरी ते होते सेवेच्या जागेत, सेवेच्या अँटेनावर. दोन्ही ठिकाणी न्यायालयाने पाहिले ते एवढेच, की मधे एक धंदा उभा आहे का. तो नसेल तर काय, याचे उत्तर दुसऱ्या एका खटल्यात सापडते, आणि त्याची चर्चा फार कमी होते. डिश नेटवर्क या उपग्रह टीव्ही कंपनीने २०१३ साली स्लिंगची सोय आतच बसवलेला 'हॉपर' नावाचा सेट-टॉप बॉक्स आणला. फॉक्स या प्रसारण कंपनीने दावा लावला. एरिओचा निकाल हाती आल्यावर फॉक्सने तोच दाखला डिशविरुद्ध पुढे केला. कॅलिफोर्नियातल्या संघीय न्यायालयात जानेवारी २०१५ च्या निकालपत्रात न्यायाधीश डॉली जी यांनी तो स्वीकारला नाही. ग्राहक आपल्या घरच्या पेटीतून, आधीच कायदेशीरपणे मिळालेला कार्यक्रम, आपल्यालाच पाठवतो. इथे पाठवणारा तो आहे, कंपनी नव्हे, आणि हे सार्वजनिक सादरीकरणही नव्हे. इतर काही बाबतींत, करारभंगाच्या मुद्द्यावर, डिशला फटका बसला. पण जागा सरकवण्याच्या मुद्द्यावर प्रेक्षकाची बाजू राहिली. दोन्ही कंपन्यांनी २०१६ साली तडजोड केली आणि खटला संपला. त्यामुळे हा निकाल खालच्या न्यायालयाचाच राहिला. बीटामॅक्सला मिळाले तसे सर्वोच्च न्यायालयाचे शिक्कामोर्तब जागा सरकवण्याला मिळाले नाही.

हक्क असा अर्ध्यावर लोंबकळत असताना यंत्राची मालकी कोणाकडे होती ते पाहा. २००७ साली एकोस्टार या उपग्रह टीव्हीच्या धंद्यातल्या कंपनीने स्लिंग मीडिया ३८ कोटी डॉलरना विकत घेतली. म्हणजे प्रेक्षकाला मोकळे करणारे यंत्र वाहिन्या विकणाऱ्यांच्या घरात गेले. रस्त्यात तिसराही एक दरवान होता, दूरसंचार कंपनी. २००९ साली पेटीचे चित्र आयफोनवर दाखवणारे स्लिंगप्लेयर ॲप आले ते फक्त वायफायवर चालेल अशा अटीवर. मोबाइल जाळ्यावर ताण येईल म्हणून एटी अँड टीने थ्रीजीवर मनाई केली होती, ती फेब्रुवारी २०१० मध्ये उठली. प्रेक्षक आणि त्याचा स्वतःचा टीव्ही यांच्यामध्ये किती जणांची परवानगी लागते, याचा हा स्वच्छ पुरावा. मग २०१५ साली एकोस्टारची भगिनी कंपनी असलेल्या डिशने 'स्लिंग टीव्ही' नावाची सेवा सुरू केली. इंटरनेटवरून थेट वाहिन्या, महिन्याचे शुल्क, घरात पेटीची गरज नाही. नाव तेच राहिले आणि अर्थ उलटा झाला. आधी स्लिंग म्हणजे घरच्या मालकाची गोफण. आता गोफण विक्रेत्याच्या हातात गेली. नोव्हेंबर २०२० मध्ये कंपनीने जाहीर केले की पेट्या बनवणे बंद होत आहे आणि दोन वर्षांनी सर्व्हरही बंद होतील. पेटी आणि प्रेक्षक यांची गाठ घालून देण्याचे काम त्या सर्व्हरांकडे असल्यामुळे, ते थांबताच घरोघरच्या धडधाकट पेट्या मुक्या झाल्या.

यावर साधा आक्षेप असा, की यात अन्याय कसला? लोकांनीच पेटी सोडली. ज्याच्या त्याच्या फोनवर वाहिन्यांची ॲप आली, चित्र अधिक स्वच्छ झाले, तारांचा गुंता गेला. खप घसरलेल्या वस्तूचे सर्व्हर कंपनीने जन्मभर फुकट का चालवावेत? आक्षेपाचा उत्तरार्ध मला अर्धा मान्य आहे. जन्मभर चालवण्याची सक्ती कोणी करू नये. पण जाताना कुलपाची किल्ली देऊन जाणे शक्य होते. घरच्या पेटीशी थेट जोडून घेण्याची रीत कंपनीने खुली केली असती तर सर्व्हरची गरजच उरली नसती. हे स्वप्नरंजन नाही. काही हौशी प्रोग्रॅमरांनी कंपनीच्या मदतीशिवाय तसा प्रोग्रॅम लिहिला आणि त्यावर स्लिंगबॉक्सची काही मॉडेल सर्व्हर गेल्यावरही चालली. आक्षेपाचा पूर्वार्ध, म्हणजे ॲपने पेटीची जागा भरून काढली हा, मात्र तपासून पाहिला की टिकत नाही. पेटी विचारी, की घरी पैसे भरलेत का. ॲप विचारते, की तुम्ही आत्ता कुठे उभे आहात. सीमा ओलांडली की कार्यक्रमांची यादी बदलते, सामना बंद होतो, कधी ॲपच उघडत नाही. ज्या प्रवासी माणसासाठी हे सारे सुरू झाले तो पुन्हा हॉटेलच्या खोलीत, २००२ साली होता तिथेच बसला आहे.

मी हे वाढवून सांगत नाही, याला युरोपीय संघाचा कायदा साक्ष आहे. ॲपने प्रश्न सुटला असता तर त्या संघाला २०१७ साली त्यासाठी वेगळा नियम करावा लागला नसता. नियम क्रमांक २०१७/११२८, अंमल १ एप्रिल २०१८ पासून. संघातल्या एका देशाचा रहिवासी तात्पुरता दुसऱ्या सदस्य देशात गेला, तर त्याने पैसे भरलेली चित्रपट, मालिका, खेळ, संगीत यांची ऑनलाइन सेवा त्याला तिथेही घरच्यासारखीच, जादा आकार न घेता मिळाली पाहिजे. पैसे न घेणाऱ्या सेवांना हे ऐच्छिक आहे. या नियमातली कायदेशीर युक्ती विशेष मननीय आहे: प्रवासात केलेले हे पाहणे प्रेक्षकाच्या राहत्या देशातच झाले, असे कायदा मानतो. प्रदेशवार हक्कांची पद्धत त्याने मोडली नाही. प्रवाशाला त्याच्या घरीच बसलेला धरले. स्लिंगबॉक्सचा अवरक्त दिवा सेट-टॉप बॉक्सला जे पटवून देत असे तेच इथे कायद्याने लिहून दिले. टापूंची किंमत कोसळेल हा प्रसारकांचा इशारा आठवावा: हा नियम लागू झाल्यानंतरही युरोपात फुटबॉलचे हक्क देशवार विकले जात आहेत. आणि हक्क लेखी असला की त्याची किंमत कशी कळते तेही पाहावे. ब्रिटन संघातून बाहेर पडला आणि १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटिश प्रवाशाचा हा हक्क संपला. ॲप तेच, फोन तोच, सेवाही त्याच. बदलला तो कायदा.

आपल्याकडे हा विषय परदेशी मराठी माणसाच्या निमित्ताने येतो, आणि तिथे माझ्या मांडणीचीही कसोटी लागते. १५ ऑगस्ट १९९९ रोजी अल्फा मराठी सुरू झाली, पुढे ती झी मराठी झाली. पाठोपाठ आणखी वाहिन्या आल्या. अमेरिकेत गेलेल्या पिढीने त्याआधीची कित्येक वर्षे भारतीय वाणसामानाच्या दुकानातून भाड्याने आणलेल्या व्हिडिओ कॅसेटवर काढली होती. स्लिंगबॉक्स आल्यावर पुण्या-मुंबईतल्या आई-वडिलांच्या घरी पेटी ठेवून न्यू जर्सीत घरचा टीव्ही पाहणे शक्य झाले. शक्य, पण सोपे नाही. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणात आपल्या सरकारने ब्रॉडबँडची व्याख्या केली ती घरात येणाऱ्या २५६ केबीपीएस वेगाची. घरातून बाहेर जाणारा वेग सहसा त्याहूनही कमी. त्यात चित्र फुटे, थांबे. पुण्यात रात्री आठची मालिका न्यू जर्सीत हिवाळ्यात सकाळी साडेनऊला आणि उन्हाळ्यात साडेदहाला, म्हणजे जागेबरोबर वेळही सरकवण्याची गरज. आणि युरोपीय नियमाच्या मापाने हा प्रेक्षक बसत नाही, कारण तो 'तात्पुरता' बाहेर गेलेला नाही. त्याचे बिऱ्हाड तिकडेच आहे. माझ्या मते तरीही त्याचे पाहणे चोरी ठरत नाही. घर कुटुंबाचे आहे, पैसे कुटुंबाने भरले आहेत, एका वेळी एकच जण पाहतो आहे, आणि कोणी त्याचा धंदा मांडलेला नाही. पण त्या घरात दहा पेट्या मांडून त्या परक्यांना भाड्याने दिल्या, तर ते मानेकी टीव्हीच होईल, आणि तिथे प्रसारकाने मोबदला मागणे रास्त आहे. युरोपाने प्रवासाच्या मुदतीची रेघ ओढली. स्थलांतरितांच्या देशाने कुटुंबाची रेघ ओढावी, असे मला वाटते.

आपल्या कायद्यात त्यासाठी लागणारे सामान आधीपासून आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातली 'जनतेपर्यंत पोचवणे' याची व्याख्या स्पष्टीकरणात एकाहून अधिक घरांचा उल्लेख करते: उपग्रह, केबल किंवा अन्य मार्गाने एकाच वेळी एकाहून अधिक घरांत पोचवले, तर ते जनतेपर्यंत पोचवणे. एका घरातून त्याच घरच्या माणसाकडे जाणारे चित्र यात सहज येत नाही. कलम ३९ प्रमाणे प्रक्षेपणाचे खासगी वापरासाठी ध्वनिमुद्रण किंवा चित्रमुद्रण करणे हा हक्कभंग नाही. म्हणजे अमेरिकेला जे एका मताच्या फरकाने मिळाले ते, वेळ सरकवणे, आपल्याकडे थेट कायद्यात लिहिलेले आहे. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ५२ मध्ये 'खासगी किंवा वैयक्तिक वापर' हे शब्द आणले. जागा सरकवण्याबद्दल मात्र एक ओळही नाही, आणि न लिहिलेल्या हक्काचे काय होते ते स्लिंगबॉक्सच्या सतरा वर्षांनी दाखवले आहे. कॉपीराइट कायद्याची पुढची दुरुस्ती येईल तेव्हा मसुद्यावर लोकांच्या सूचना मागवल्या जातील. ग्राहक संघटनांनी, परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांनी आणि दरमहा वाहिन्यांचे पैसे भरणाऱ्या प्रत्येकाने तेव्हा कलम ३९ मध्ये एका वाक्याची मागणी करावी: स्वतःच्या घरी पैसे भरून मिळणारे प्रक्षेपण त्या घरच्या माणसाने अन्यत्र स्वतःपुरते पाहणे हा हक्कभंग नाही, आणि तसे पाहण्यास कोणत्याही कराराने मनाई करता येणार नाही.